पदूला त्रास देऊ नये

लोधिवलीच्या पदूला अख्खं वर्षभर कोणी त्रास दिला नाही, आणि त्या वर्षात माणूस निम्मा झाला.

पदू भिवाजीशेटच्या भाताच्या गिरणीत आगवाला होता. बॉयलरच्या तोंडात तूस लोटायचं आणि वाफेच्या काट्यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. बॉयलरच्या डोक्यावर एक झडप होती. वाफ प्रमाणाबाहेर वाढली की झडपेनं उघडावं आणि वाफ बाहेर सोडावी, म्हणजे बॉयलर फुटत नाही. झडपेच्या दांड्याला नेमून दिलेलं वजन टांगलेलं असे. हंगाम जोरात आला की शेटला वाफ अशी फुकट गेलेली बघवेना. त्यानं पदूला सांगितलं, दांड्याला आणखी एक दगड अडकव, म्हणजे झडप उघडायची नाही. भोकाचा दगड हवा होता, म्हणून पदूनं इमानेइतबारे घरच्या जात्याचा वरचा दगड आणला आणि तारेनं टांगला. बायको जयवंता कुरकुरली. दोन दिवसांत परत आणतो, असं तिला सांगून तो मोकळा झाला.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. बॉयलरच्या सांध्यांतून पाणी झिरपायला लागलं. बॉयलरमागच्या भिंतीला लागूनच खळं होतं आणि तिथं तीसेक बायका भात पाखडत बसायच्या, त्यांत जयवंताही होती. पदूनं शेटला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा शेट हसला, दुसऱ्यांदा रागावला, तिसऱ्यांदा त्यानं पदूला जवळ बसवून चहा पाजला. त्या चहानं मात्र पदू घाबरला.

तपासणीला मुंबईहून साहेब यायचे, पण महिनाभर आधी पत्र पाठवून. त्यामुळे साहेबांच्या दिवशी दगड तुसाच्या ढिगात निजलेला. साहेब हात धुवायला मागे गेले, तेव्हा पदूनं पंचा देता देता ढिगाकडे बोट दाखवलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. साहेब भला माणूस होता. त्यांनी पदूला दोन वचनं दिली. तुझं नाव कोणाला कळणार नाही, हे पहिलं. तुझ्या केसाला धक्का लागणार नाही, हे दुसरं. दोन्ही त्यांनी अगदी मनापासून दिली होती.

दगड मुद्देमाल म्हणून लाखेचं सील लावून मुंबईला गेला. शेटला दंड झाला. दुरुस्तीसाठी गिरणी वीस दिवस बंद राहिली आणि बायकांची वीस दिवसांची मजुरी बुडाली. बॉयलर फुटला असता तर खळ्यात काय उरलं असतं, हे कोणाच्या मनातही आलं नाही. जे घडलंच नाही त्याचे उपकार कोण मानणार? जो तो खबर देणाऱ्याला शिव्या घालत होता. पदूही घालत होता. त्याच्या शिव्या जरा जास्तच रंगायच्या, कारण त्याला विषयाची माहिती होती.

आता साहेबांना दुसऱ्या वचनाची काळजी लागली. पदूला त्रास देऊ नका असं सांगायचं, तर पदू कोण ते सांगायला हवं. त्यांनी वरून रीतसर हुकूम काढवला आणि शेजारच्या चौक गावच्या बाजाराच्या दिवशी दवंडी पिटायला दवंडीवाल्या कमळ्याला धाडलं. पदू तेव्हा सुक्या बोंबलांचा भाव करत होता. कमळ्यानं ढोलकं बडवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "लोधिवलीच्या गिरणीतला आगवाला पदू यानं सरकारला खबर दिल्यामुळं सदर इसमास कोणीही, कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये अगर अडथळा करू नये. करील तो शिक्षेस पात्र होईल हो!" हे त्यानं बाजाराच्या चारी कोपऱ्यांवर सांगितलं आणि हुकमाचा कागद पदूच्या खिशात कोंबला. बोंबीलवालीनं पदूच्या हातातले बोंबील हळूच काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी पदू कामावर गेला, तर शेटनं दारातच हात जोडले. सगळ्या बायकांना ऐकू जाईल असा तो म्हणाला, "पदू, आगीपुढं उभं ऱ्हायचं म्हंजे केवढा तरास. सरकारचा हुकूम हाय बाबा, मी नाय मोडायचा." त्यानं पदूला सावलीत बाक टाकून दिला. बाकावर बसायचा पगार नव्हता. आगीपुढं शेटचा भाचा गजा उभा राहिला, जो काट्याकडे विडी पेटवताना काय तो बघायचा. जयवंताला दमवलं तर नवऱ्याला त्रास होईल, म्हणून तिचंही सूप शेटनं काढून घेतलं.

कायदा पाळण्याची अशी हौस लोधिवलीला पूर्वी कधी आली नव्हती. न्हावी म्हणाला, वस्तरा लागला तर तुरुंगात कोण जाईल? घर शाकारायला गाव एकमेकांना हाक मारी, पदूला कोणी मारीना. लावणीला नाही, लग्नाच्या मांडवाला नाही. घरचं जातं मुंबईला जाऊन बसलेलं, आणि शेजारच्या जात्यावर बसू म्हटलं तर बाया म्हणत, कशाला गं तरास. पदू आणि जयवंता मग लांबच्या शेतांवर मिळेल ते काम करत आणि कण्या शिजवून खात. कोणी दगड मारला असता तर पदूला बरं वाटलं असतं. निदान तक्रार तरी करता आली असती.

वर्षानं साहेब पुन्हा आले, पुन्हा पत्र पाठवून. त्यांनी मुद्दाम पदूला बोलावून विचारलं, कोणी त्रास देतं का? पदूनं पुष्कळ विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"नाय साहेब. कोनी नाय."

साहेबांचा चेहरा खुलला. ही युक्ती सगळ्या तालुक्यांना कळवायला हवी, असं त्यांनी वहीत लिहून घेतलं.

साहेब गेल्यावर आठ दिवसांत खळ्यावरची मैना पदूच्या दारात आली. वर्षभरात आलेलं ते पहिलं माणूस. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली की दांड्याला पुन्हा दगड लागलाय आणि भिंत हाताला चटका देते. "तू सायबाला सांग, पदूभाव. तुला काय, तुला हुकूम हाय."

"तू चल संगती. दोघं सांगू."

"माज्याकडं कागद नाय," मैना म्हणाली आणि खाली बघत निघून गेली.

पदू भयंकर संतापला. वीस दिवसांच्या मजुरीसाठी याच बायकांनी त्याला वाळीत टाकलं होतं, आणि आता जयवंता काही त्या भिंतीपाशी बसत नव्हती. फुटू दे, असं तो मोठ्यानं म्हणालाही. जयवंतानं फक्त विचारलं, मैनाचं तान्हं हल्ली कुठं निजवतात? पदूला ठाऊक होतं. भिंतीच्या कडेला, उबेला.

मुंबईला पत्र जाऊन साहेब यायला महिना लागला असता. पदूनं डब्यातला हुकमाचा कागद काढला. वाचता येत नव्हतं, पण कमळ्याच्या कृपेनं तो सबंध पाठ होता. भरदुपारी तो गिरणीत शिरला तेव्हा खळ्यावर बायका होत्या, बाहेर गाडीवान होते. गजा आडवा आला.

"गजा, तू वाटंत उभा हाइस," पदू शांतपणे म्हणाला. "ह्याला अडथळा म्हन्तात."

गजानं शेटकडे बघितलं. वर्षभर चारचौघांत हुकमाचे गोडवे गाणारा शेट दारात उभा होता, आणि सगळे आता त्याच्या तोंडाकडे बघत होते. पदूनं कागद वर धरला आणि सगळा हुकूम म्हणून दाखवला, शेवटच्या 'हो'सकट. गजा बाजूला झाला.

पदू शिडीवर चढला. फडक्यात हात गुंडाळून त्यानं तार सोडवली, दगड उतरवला. झडप उघडली आणि वाफ अशी सुसाटली की बायका सुपं टाकून पळाल्या. मैनानं पोर उचललं. काटा अजून टोकालाच होता. आणखी एखादा तास फार झाला असता. हाही दगड जात्याचाच होता, शेटच्या घरचा. पदूनं तो खांद्यावर घेतला.

"दगड माझा हाय," शेट म्हणाला.

"हाय की. पर माज्या खांद्यावरनं काडनार कसा? मला तरास हुईल."

दगड खांद्यावर घेऊन पदू गावातून घरी आला. कोणी हात लावला नाही. जयवंतानं दगड पुसला आणि एकट्या पडलेल्या खालच्या दगडावर बसवून पाहिला. बोटभर मोठा होता, पण फिरत होता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना मैना आली. या वेळी ती उंबरा ओलांडून थेट आत आली. तिच्या कडेवर पोर होतं, पदराखाली पायलीभर नाचणी.

"जयवंता, तुज्या जात्यावर दळू का गं?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता समोर बसकण मारली. पोर तिनं पदूच्या मांडीवर टाकलं. ते रडायला लागलं, मग पदूच्या सदऱ्यावर ओकलं. पदू त्याला थोपटत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

हुकमाचा सरळ सरळ भंग झाला होता. पदूनं तक्रार केली नाही.