तेलाची वाटी

गल्लीत तिला सगळे फौजदारीण म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. अशी बाई पोटच्या पोराच्या एका किंकाळीनं गळाली.

पोराचं केस कापायचं दुकान. शटर निसटलं ते नेमकं उजव्या हातावर, बोटांची हाडं मोडली. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं फणीच्या दातांसारखी ताठ. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं, आधी कोमट तेलानं चोळा, मग बोटं धरून तळव्याकडे दाबा. ओरडेल. ओरडू द्या.

पहिल्याच दिवशी सुनेनं दाबलं, तो "आई गं!" म्हणून कळवळला, आणि म्हातारीनं सुनेला खोलीबाहेर काढलं. "नवरा आहे तो तुझा, पिळायचं फडकं नाही!" तेव्हापासून तेलाची वाटी म्हातारीच्या हातात, आणि नुसतं चोळणं. चोळता चोळता पोराचा डोळा लागे, आणि हिला वाटे, गुण येतोय.

आज दवाखान्यात बाईंनी हात उलटसुलट करून पाहिला. "दाबतच नव्हतात ना? सांधे धरलेत. या आठवड्यात वळले तर वळले, नाहीतर कात्री विसरा."

दोघं घरी आली. पोरानं सवयीनं हात पुढे केला. "तेलच लाव आई. ते दुसरं उद्या बघू."

हिचा हात वाटीकडे गेलाही होता. मग तिनं वाटी उचलली आणि मोरीत उपडी केली.

"सूनबाई, ये इकडे. मी धरते, तू दाब."

"तुम्हीच मला परत हाकलाल."

"हाकलेन. जाऊ नकोस."

तिनं पोराचं कोपर छातीशी आवळलं. सुनेनं बोटं वाकवली. तो गुरासारखा ओरडला. "आई नाहीस, वैरीण आहेस तू!" शेवटी फौजदारीणच ओरडली, "सोड गं त्याला, मेले!"

सुनेनं सोडलं नाही. नाक गळत होतं, डोळे गळत होते, पण ती दाबतच राहिली.

मग त्याच्या हातात कात्री दिली. अंगठा कडीत गेला. बोट दुसऱ्या कडीपर्यंत येऊन थांबलं, आत वळेना. कात्री खाली पडली.

म्हातारीनं पदरानं त्याचा घाम पुसला आणि कोपर पुन्हा आवळलं.

"दाब."