खारीचा स्टॅच्यू

समजा, तुम्ही डाव्या कुशीवर निजला आहात. खोलीत अंधार, छातीवर गारगार जेली, आणि पाठीमागे बसलेली तपासनीस ताई हात पुढे घालून बरगड्यांवर यंत्राचा दांडा फिरवते आहे. हलायचं नाही. डोळे मात्र उघडे ठेवा. खारीने ठेवले होते तसे.

गुडघे सुजण्याआधी ती कुठेही चढायची, म्हणून सगळे तिला खार म्हणत. रोगाशी लढणारे राखणदार आपल्या प्रत्येकाच्या अंगात असतात. खारीचे राखणदार घरच्यांनाच चोर समजून बडवत सुटले होते. आधी गुडघे, मग मनगटं. आता ते हृदयापर्यंत पोचले की काय, हे सुई न टोचता, नुसत्या ध्वनिलहरींनी बघायचं होतं.

पडदा खारीच्या पाठीमागे होता. समोर स्टुलावर बाबा. त्यांना तिचं हृदय दिसत होतं आणि तिला त्यांचा चेहरा.

"स्टॅच्यू!" बाबा म्हणाले. "ज्याची पापणी हलली, तो हरला."

"रडीचा डाव नाही हं. मागच्या वेळी तू शिंकेचं नाटक केलंस."

"आता ताई पंच."

"पंचांना काम करू द्या," ताई हसली. "श्वास सोड, खारूताई. अश्शी थांब."

दांडा पुढे सरकला, थांबला, परत त्याच जागी आला. जरा जास्तच दाबला गेला. ताईचं हसू ऐकू येईना. बाबांची नजर हळूच पडद्याकडे गेली.

"काही आहे का, ताई?"

"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली आणि उठून त्यांना बोलावून घेऊन आली.

डॉक्टर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हृदयाभोवती पाणी झालंय. आजच दाखल करू."

"पण मागच्या महिन्यात सगळं ठीक होतं ना?"

"हो. तेव्हा होतं."

"मग मी आता काय करू?"

"तिच्याजवळ बसा."

बाबा बसलेच होते. चेहरा अगदी दगडासारखा. गालाची एक शीर तेवढी उडत होती. डोळे काठोकाठ भरले होते. पापणी मिटली असती, तर सगळंच सांडलं असतं. इतका मन लावून डाव खेळताना खारीने त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी हरले."

आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. बाबांचे पुसून होईपर्यंत तिने ते उघडलेच नाहीत.