कडीवरचा हात

तुम्ही खोटं बोललात. वाचनालयाच्या दारावर सूचना लावलीत की, जी पुस्तकं कोणी वाचत नाही ती काढून टाकली आहेत. कोणी म्हणजे कोण? मी आणि माझी ताई काय जिन्यावर माश्या मारत होतो?

मी लाँड्रीत इस्त्री करते. ताई तिथेच शेजारी बसून उसवलेल्या कपड्यांना टाके घालायची. डोळे गेल्यावरही बोटांनी चाचपून बटणं लावायची. घर एका खोलीचं, माझ्या नवऱ्याची रात्रपाळी, दिवसा तो झोपलेला. तिथे ताईला मोठ्याने वाचून दाखवायची सोय नाही. तुमच्या हॉलमध्ये तर शांतता राखायची. म्हणून ग्रंथपालकाका जेवणाच्या सुट्टीत आम्हाला मागच्या जिन्यावर बसू द्यायचे. पुस्तक इमारतीबाहेर जात नसे, म्हणून त्यावर शिक्काही पडत नसे. तुम्ही फक्त शिक्के बघितलेत. शिक्का नाही म्हणजे वाचक नाही. कपाळ माझं.

अहो, ताईसारखा वाचक तुम्हाला शोधून सापडला नसता. तिला कुणाची भीड नाही. एका राजाचं जाडजूड चरित्र ऐकून म्हणाली, एवढ्या लढाया झाल्या, पण रक्ताचे कपडे कुणी धुतले ते एका ओळीतही नाही. यशस्वी कसं व्हावं ते सांगणाऱ्या पुस्तकावर म्हणाली, हा पहाटे उठतो ते ठीक, पण त्याच्या आधी उठून चहा कोण ठेवतं? प्रेमकथेच्या नायकाला आधी दोन थोबाडीत दे, मग पुढचं वाच, म्हणाली. कवितांचं तिला वावडं. एकच आवडली, ती पुन्हा पुन्हा वाचून घेतली आणि मग म्हणाली, बस, आता झिजेल. मधमाश्या पाळायचं पुस्तक मात्र शेवटपर्यंत ऐकलं, कारण त्यात कोणी उगाच रडत नाही.

मग ती कादंबरी आली, नावाड्याच्या मुलीची. बाप होडी विकून, पोरींना टाकून निघून जातो. थोरली लोकांची भांडी घासून धाकटीला वाढवते. ह्या पुस्तकावर ताई काहीच बोलली नाही. टोमणा नाही, हसणं नाही. मीही विचारलं नाही. आमचाही बाप असाच गेला होता. म्हातारपणी एकदा दाराशी आला, तेव्हा मी कामावर होते आणि ताई घरात. तो परत गेला, एवढंच शेजारणीकडून कळलं.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. बाप दार वाजवतो, थोरली मुलगी कडीवर हात ठेवते, आणि आमची सुट्टी संपली. त्याच आठवड्यात ताई अंथरुणाला लागली. मी पुस्तक आणायला धावले, तर कपाट रिकामं. काका मान खाली घालून म्हणाले, वरून हुकूम होता गं पोरी. रद्दीवाल्याकडे गेले, तोवर गठ्ठे कारखान्यात जाऊन लगदा झाले होते. पुस्तकांचे दुकानदार म्हणाले, फार जुनं आहे, आता कोण छापतं?

डॉक्टरांनी ताईला घरी न्या म्हणून सांगितलंय. त्याचा अर्थ आम्हाला कळतो. ती रोज एकच विचारते. काल मी भलतंच पुस्तक हातात धरलं आणि वाचल्यासारखं करत मनानेच शेवट रचला. मुलगी दार उघडते, बाप माफी मागतो, दोघं गळ्यात पडून रडतात. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"हे तुझं आहे," ती म्हणाली. "ती पोर एवढं गोड बोलणारी नाही."

"आवडलं नाही का?"

"आवडायचा प्रश्न नाही गं. तिने काय केलं ते मला हवंय. तुला काय वाटतं ते नको."

आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तर आता तुम्ही सांगा. गठ्ठे तुम्ही बांधलेत. बांधण्याआधी तुमच्यातल्या एकाने तरी ते शेवटचं पान उघडलं होतं का? कुणी लहानपणी वाचलं असेल, कुणाच्या घरी प्रत पडली असेल. मला माफी नको, तुमची नवी कपाटंही नकोत. ताईकडे वेळ थोडा आहे. त्या मुलीने कडी काढली की नाही?