उलटं बटण

स्टुडिओत तिला सगळे कात्री म्हणत. नाव दादाने ठेवलेलं, आणि दादाच स्टुडिओचा मालक, त्यामुळे ते चिकटलं ते चिकटलंच. सोळा वर्षं ती त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर बसून लोकांची लग्नं कापत होती. कोणाचा मामा कॅमेऱ्यासमोर जांभई देतो, कोणाची काकू सलग अकरा मिनिटं बोलते, कोणाचा नवरदेव बुटाची नाडी बांधताना पडतो, हे सगळं तिच्या हातून पुसलं जाई आणि उरे ते गोड हसणारं कुटुंब. शेकडो लग्नं तिने अशी गोड केली होती. तिच्या स्वतःच्या लग्नाची मात्र एक फ्रेमही नव्हती. शूटिंग दादानेच केलं होतं, पण टेप खराब निघाली असं तो म्हणाला. त्याच वर्षी बाबा गेले, आणि मग त्या टेपचा विषय घरात कोणी काढला नाही.

तिला कॅमेरा हवा होता. नुसता हातात धरायला नव्हे, तर आपल्या डोळ्यांनी काहीतरी टिपायला. हे तिने दादाला दरवर्षी सांगितलं आणि दरवर्षी दादा म्हणाला की तू कापायला बसलेली बरी. या वर्षी मात्र ती हटूनच बसली. तिच्या कटकटीला कंटाळून म्हणा, किंवा बहीण एकदाची गप्प बसेल म्हणून म्हणा, त्याने अट घातली. पाच दिवसांची सुट्टी, एकटीने जायचं, स्टुडिओतली एकही वस्तू न्यायची नाही. चार मिनिटांची फिल्म आणायची. ती बघताना तो खुर्चीवरून उठला नाही, तर दुसरा कॅमेरा तिचा.

ही अट ऐकून स्टुडिओतले सगळे गालात हसले. कारण दादा आजवर एकाही फिल्मला पूर्ण बसला नव्हता. दुसऱ्या मिनिटाला त्याला चहाची आठवण व्हायचीच.

कात्री एका पायावर तयार झाली. विषय तिच्याकडे दोन महिन्यांपासून होता आणि तोही कापता कापताच सापडलेला. एका लग्नाच्या पंगतीत मागे बसलेला कोणी पाहुणा शेजाऱ्याला सांगत होता की आमच्याकडे समुद्रकाठी एक म्हातारी एकटीच होडी बांधते आहे, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीला पाण्यात सोडणार. कात्रीने तो तुकडा हेडफोन लावून चार वेळा ऐकला. मग पंगतीतून कापला आणि स्वतःसाठी ठेवून दिला.

सामान काय, तर फोन, कॉलरला लावायचा माइक आणि एक तीन पायांचा स्टँड, ज्याचा एक पाय आखूड होता. नवऱ्याने तिला बस स्टँडवर सोडलं तेव्हा एवढ्याशा सामानाकडे बघून विचारलं की उरलेलं कुठे आहे. उरलेलं डोक्यात आहे, असं ती म्हणाली आणि वर चढली.

काय सांगावं त्या दीड दिवसाच्या प्रवासाबद्दल. बाईच्या पायाला भिंगरी लागली होती आणि डोळ्यांना तर त्याहून मोठी. फोन तिने केसांच्या रबराने खिडकीच्या दांड्याला बांधला. कंडक्टरने तिकिटं फाडताना तिने त्याची बोटं टिपली, तर त्याने हात मागे घेतला, शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि मग पुन्हा फाडून दाखवलं. वळणावर फोन निसटून पुढच्या बाईच्या पिशवीत पडला, तेही रेकॉर्ड झालं. इतकी वर्षं दुसऱ्यांनी आणलेलं तिने निवडलं होतं. आता जे दिसेल ते तिचं होतं, आणि दिसत तर सगळंच होतं. तिला इतका आनंद झाला होता की दुपारी जेवायचंही राहून गेलं.

होडी बांधणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत, म्हणून तीही म्हणू लागली. मावशी साठीच्या, दंड सुताराचे आणि स्वभावही तसाच, सरळ आणि थोडा टणक. शेडमध्ये होडी उभी होती, बसपेक्षा थोडी लहान. मावशींचे यजमान पूर्वी या किनाऱ्यावरचे मोठे मिस्त्री. तीस होड्या त्यांच्या नावावर होत्या आणि तिसांतही मावशींचे हात होते, पण ते कोणी मोजत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मिस्त्रींची नजर गेली. त्यानंतरची ही पहिली होडी, पहिल्या फळीपासून शेवटच्या खिळ्यापर्यंत मावशींची एकटीची.

कात्रीने मावशींना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि घात झाला. इतका वेळ फडाफडा बोलणाऱ्या मावशी माइक लागताच शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारख्या ताठ झाल्या. होडी चांगली झाली आहे, म्हणाल्या. लाकूड चांगलं आहे. हवा चांगली आहे. वीस मिनिटांत आठ वेळा चांगलं म्हणून झालं. कात्रीने कपाळाला हात लावला, पण मनातल्या मनात. दादा या मुलाखतीत दुसऱ्या मिनिटाला नाही, विसाव्या सेकंदाला उठला असता.

म्हणजे आता सगळी भिस्त होडी पाण्यात जाण्यावर. ते एकदाच होणार होतं. ओंडक्यांवर उभी असलेली होडी, तिला अडवणारी एक पाचर, पाचरीवर एक घाव, आणि होडी स्वतःच्या वजनाने घरंगळत समुद्रात. भरती सकाळी साडेनऊला पूर्ण येणार होती.

सकाळी सातलाच ती किनाऱ्यावर हजर. स्टँडच्या आखूड पायाखाली चप्पल सरकवली. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून पुठ्ठ्याचा खोका कापून फोनभोवती आडोसा केला आणि चिकटपट्टीने पक्का बसवला. आता पडदा बघायचा तर खोक्यात डोकं घालावं लागे. माइक स्वतःच्याच कॉलरला लावला आणि आवाज नको म्हणून बटणाची टिकटिकही बंद केली. नऊ वाजून गेल्यावर चौकट तपासायला तिने बटण दाबलं, खोक्यात डोकावली. होडीचं नाक, ओंडके, पाणी, सगळं जागच्या जागी. एवढ्यात मावशी ओरडल्या की होडीच्या दोराच्या आड उभी आहेस, बाजूला हो. तिने स्टँड उचलला, चार पावलं सरकवला आणि पुन्हा रोवला.

माणसं जमली. मिस्त्रींना हाताला धरून पुढे आणलं. मावशींनी हातोडा उचलला. नजर होडीवरून न हटवता कात्रीने बटण दाबलं.

घाव बसला. पाचर उडाली. होडी क्षणभर हललीच नाही, मग कण्हल्यासारखा आवाज करत निघाली आणि बघता बघता पाण्यात घुसली. दोन्ही बाजूंनी लाट उठली, सगळे भिजले. होडी डुलली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि थांबली. किनाऱ्यावर एकच गलका झाला. कात्रीने बटण दाबलं, फोन आडोशासकट स्टँडवरून काढून त्याच्या दोरीने मनगटाला अडकवला आणि चप्पल तिथेच सोडून पाण्याकडे धावत सुटली. पुढची दहा मिनिटं ती सगळ्यांबरोबर नुसती हसत होती.

मग ती शेडमध्ये एका फळीवर बसली आणि आडोसा काढून फोन बघू लागली.

पहिला तुकडा चौदा मिनिटांचा. जो मुळात असायलाच नको होता. चौकट तपासायला चालू केलेलं तिने बंदच केलं नव्हतं. चौदा मिनिटांच्या शेवटी मावशींनी हातोडा उचलला, आणि तुकडा संपला. दुसरा तुकडा सुरू होत होता तो वाळू, तिचे पाय आणि उलटं आकाश इथून. मधलं काहीच नव्हतं. होडी पाण्यात गेलीच नव्हती.

उलटं बटण. चालू करायला दाबलं की बंद, बंद करायला दाबलं की चालू. शूटिंगच्या धंद्यातली सगळ्यात बाळबोध चूक. स्टुडिओतला एखादा नवखा कॅमेरामन असा प्रताप करून आला, की कात्री त्याला तासभर सोडत नसे. दादा मात्र अशा वेळी काही बोलायचा नाही, उठून बाहेर निघून जायचा. आता तीच ती, सोळा वर्षांच्या अनुभवाची. दुसरा कॅमेरा तिला समुद्राच्या तळाशी जाताना दिसला.

पण कापणाऱ्या माणसाला एक खोड असते. हाती आलेलं शेवटपर्यंत बघितल्याशिवाय तो उठत नाही. तिने हेडफोन लावले.

चौदा मिनिटांच्या तुकड्यात, माणसं जमण्याआधी, मिस्त्री एकटेच चाचपडत होडीपाशी आले होते. त्यांनी फळीवर तळहात ठेवला आणि सांध्यांवरून बोट फिरवत हळूहळू पूर्ण होडीला फेरी मारली. एके ठिकाणी थांबले, टकटक केलं, कान लावला, मान हलवली. हे तिने डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी ती स्टँड सरकवताना मागे राहिलेली चप्पल शोधत होती.

दुसऱ्या तुकड्यात चित्र उलटं. वाळू वर, पाय उलटे, पाणी आकाशातून लोंबतंय. पण तिच्या कॉलरचा माइक चालूच होता आणि आवाज लख्ख होता.

"सरळ बसली का गं?" मिस्त्रींचा आवाज.

"तुम्हीच सांगा," मावशी म्हणाल्या.

"आवाज तर सरळच आला."

मग पावलं जवळ आली आणि मावशी अगदी माइकशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बंद केलंस ना पोरी ते? तीस होड्या गेल्या पाण्यात. दरवेळी लोक यांच्या पाठीवर थाप मारायचे. आजही बघ, सगळे यांनाच म्हणतायत, छान झाली."

वाळूत काठी टेकल्याचा आवाज. मिस्त्रींनी विचारलं, "कुठे आहेस तू?" मावशी म्हणाल्या, "ही काय, इथे." आणि मग एक थाप ऐकू आली. ओल्या कापडावर, पाठीवर, चांगली जोरात. मग आणखी एक.

हे सगळं कात्रीच्या शेजारीच घडलं होतं, पण त्या गलक्यात तिने निम्मंही ऐकलं नव्हतं. तिने हेडफोन काढले आणि उठून तीन वेळा शेडभर चकरा मारल्या. तिला ओरडावंसं वाटत होतं. फिल्म होती. होती, आणि तिने ठरवलेल्या फिल्मपेक्षा दसपट चांगली होती.

पण मावशी ते बंद आहे समजून बोलल्या होत्या. तिने लगेच जाऊन त्यांना सगळं सांगितलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावले. मावशींचा चेहरा उतरला. आपलं मन असं उघड्यावर पडलेलं त्यांना आवडलं नव्हतं, आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितलं.

"तुम्ही नाही म्हणालात तर आत्ता तुमच्यासमोर पुसते," कात्री म्हणाली. बोट तिने बटणावर ठेवलंही होतं.

मावशींनी तिचा हात धरला. शेवटचा भाग पुन्हा ऐकवायला सांगितला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते.

"ठेव," त्या म्हणाल्या. "फक्त ती थाप कापू नकोस."

परतीच्या बसमध्ये तिने फोनवरच कापायला घेतलं, आणि असं कापलं जसं सोळा वर्षांत कापलं नव्हतं. आठ वेळा चांगलं म्हणणाऱ्या मावशी त्यात होत्या, खिडकीतून धावणारा रस्ता होता, होडीवर फिरणारा हात होता. मग हातोडा उचलला जातो आणि पडदा काळा. होडीला पाण्यात जायला किती वेळ लागला होता ते तिने मनात पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं, अकरा सेकंद. अकरा सेकंद काळा पडदा, आवाजही नाही. मग उलटी वाळू, आणि "सरळ बसली का गं?"

सहाव्या दिवशी दुपारी दादा खुर्चीत बसला. कात्री पडद्याकडे बघतच नव्हती, ती दादाच्या गुडघ्यांकडे बघत होती. उठताना तो आधी गुडघ्यांवर हात ठेवतो, हे तिला पाठ होतं. दुसरं मिनिट आलं आणि गेलं. पडदा काळा झाला आणि दादा पुढे झुकला, पण हात मांडीवरच राहिले. दुसरी थाप ऐकू आली, फिल्म संपली.

मग दादा उठला आणि बाहेर निघून गेला.

फिल्म संपल्यावर उठला होता, म्हणजे अटीप्रमाणे ती जिंकली होती. पण कात्रीला ते जिंकल्यासारखं वाटेना. त्याला चूक कळली आणि तो नेहमीसारखा निघून गेला, एवढंच तिला वाटलं. तिचे डोळे भरून आले.

दादा परत आला तेव्हा त्याच्या बाहीला माळ्यावरची धूळ लागली होती आणि हातात एक जुनी छोटी टेप होती.

"उलटं बटण दाबलंस," तो म्हणाला.

"हो."

"मीही दाबलं होतं. तुझ्या लग्नात. टेप खराब नव्हती निघाली. आज सांगू, उद्या सांगू करत होतो, तेवढ्यात बाबा गेले. मग सांगायला तोंडच उरलं नाही."

लोकांच्या जुन्या टेपा उतरवून द्यायचं यंत्र कोपऱ्यात होतंच. त्याने टेप आत सरकवली. पडद्यावर सतरंजी आली, बुटांची रांग आली, कॅमेरा हातात लोंबत चालल्यासारखं सगळं तिरकं हलत होतं. मग एक धोतराचा काठ येऊन थांबला, आणि जो ती इतकी वर्षं विसरत चालली होती तो आवाज आला.

"बंद आहे ना रे तो? मग जरा उभा राहा माझ्याजवळ. चष्मा भिजलाय, काही दिसेना मला. हसतेय का ती?"

"हसतेय, बाबा," तरुण दादा म्हणाला.

"मग झालं."

पुढे नुसती सतरंजी होती, लोकांची पावलं होती, कोणीतरी पाणी मागत होतं. एरवी एवढा कचरा दिसला की कात्रीचा हात आपोआप बटणाकडे जायचा. आज तो गेला नाही. टेप संपायला अजून चाळीस मिनिटं होती आणि दादासुद्धा खुर्चीवरून उठला नाही.