गाय उठवणारे महाराज

गोठ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं दारात, भिंतीवर, ट्रॅक्टरच्या टपावर. मधोमध शेजाऱ्याची ताजी व्यायलेली गाय पडली होती. मान बरगडीकडे वळलेली, कान गारठलेले. महाराजांनी तिच्यावर चादर पसरली.

"डोळे मिटा! उघड्या डोळ्यांना ही शक्ती सोसत नाही!"

एक चेला 'अंग चोळायला' चादरीत शिरला. महाराजांचा आवाज चढत गेला. वीसेक मिनिटांनी "ऊठ!" अशी आरोळी झाली. गाय थरथरली, तिनं ढेकर दिला, शेण टाकलं आणि चक्क उभी राहिली. बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. तेव्हापासून लोक त्यांना उठमहाराज म्हणू लागले. हात जोडणाऱ्यांत मीही होतो.

पंधरा दिवसांनी माझी गाय व्यायली आणि तशीच पडली. उठमहाराज आले, पण घाईत. पुढे आणखी दोन ठिकाणी बोलावणं होतं. चादर, डोळे बंद, आणि पाच मिनिटांत आरोळी. गाय एकदा ताठली, पाय झाडले आणि संपली.

महाराज क्षणभर गडबडले. मग त्यांची नजर दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बायकोवर गेली.

"हिची सावली पडली! ही घरात आहे तोवर हा गोठा ओसाड होत जाणार."

आई माझ्याकडे बघत होती. बायको माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघत होतो. संध्याकाळी ती पिशवी भरून माहेरी गेली.

हे कळताच दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, विद्यापीठात जनावरांच्या आहाराची प्राध्यापक. ती याच गोठ्यात वैरण घालत शिकली. तिच्या लहानपणी आमची एक गाय अशीच पडली आणि पुन्हा उठली नाही. "नशीब," वडील म्हणाले. ताईला ते पटलं नाही. गाभण गाईला शेवटच्या महिन्यात काय खाऊ घालावं म्हणजे ती व्याल्यावर पडणार नाही, याच्यामागे तिनं तीस वर्षं घालवली. त्यावरचं तिचं पत्रक तिनं मलाही दिलं होतं. मी त्यात खिळे गुंडाळून ठेवले होते.

गाय अजून पुरायची होती. ताई तिच्यापाशी बसली, मानेवरून बोटं फिरवली.

"इथे सुई टोचलीय. शिरेत."

"महाराज सुई लावत नाहीत, ताई."

"मग गाईनं आपली आपण टोचून घेतली?"

तेवढ्यात निरोप आला: पलीकडच्या आळीत गाय पडली, महाराज निघालेत. ताईनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून बोलावून घेतलं आणि त्यांच्यासोबतच तिथे पोहोचली. "डोळे मिटा!" झालं. सगळ्यांनी मिटले. ताईनं सरळ चादर ओढली.

चेला गुडघ्यावर बसला होता. वर धरलेल्या हातात बाटली, बाटलीची नळी गाईच्या मानेत.

"बाई, दैवी तीर्थ आहे ते!" महाराज गरजले.

"तीर्थावर मुदत संपायची तारीख छापतात होय?"

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी बाटली काढून घेतली, खाली धरली, गाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत थेंब थेंब औषध सोडलं. कुणी आरोळी ठोकली नाही. गाईनं ढेकर दिला आणि ती उठली.

"श्रद्धेशिवाय औषध लागू पडत नाही," महाराज पुटपुटले.

"गाईलाच विचारा, तिची कुणावर आहे ते," डॉक्टर म्हणाले.

ताई हसली नाही. "ऐका. व्याल्यावर दुधातून कॅल्शियम झपाट्यानं जातं, रक्तात कमी पडतं आणि अंग लुळं होतं. याला दुग्धज्वर म्हणतात. या बाटलीत कॅल्शियम आहे. हळू दिलं तर गाय उठते, घाईनं दिलं तर हृदय बंद पडतं. काल माझ्या भावाची गाय तशीच मेली. कुणाच्या सावलीनं नाही."

डॉक्टरांनी महाराज आणि चेला, दोघांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. महाराज पुन्हा दिसले नाहीत.

घरी येऊन ताईनं पिशवी उचलली. जाताना एवढंच म्हणाली, "गाय का पडली ते मी शोधू शकते. तू गप्प का बसलास, ते तुझं तू शोध."

मी बायकोला आणायला गेलो. सगळं सांगितलं: सुई, बाटली, कॅल्शियम. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बाटली सापडली म्हणून मी निर्दोष. आणि सापडली नसती तर?"

मी एकटाच परत आलो. महिनाभरानं ती आली, पण पूर्वीसारखी बोलत नाही.

म्हणून सांगतो. जनावर पडलं तर डॉक्टर बोलवा, आणि कुणी घरातल्या माणसाकडे बोट दाखवलं, तर त्याला तिथल्या तिथे विचारा, "कशावरून?" एवढं विचारायला विद्यापीठ लागत नाही. त्या दिवशी मी एवढा एक शब्द बोललो असतो, तरी पुरे होतं.