न पाहिलेला शेवटचा भाग

मी बोलतोय तो टीव्हीखालच्या कप्प्यातून. काळा, चपटा, पाठीला वायरी लागलेला तो मी. मालिका रेकॉर्ड करून ठेवणारा सेट-टॉप बॉक्स. बोलायची मला सवय नाही. आजवर मी दुसऱ्यांचंच बोलणं साठवत आलो. त्यामुळे सांगताना काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. आठवतं ते एवढंच, की हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात हार्ड डिस्क बसवली आणि झाकणाचे स्क्रू आवळले. माझी सगळी आठवण त्या फिरत्या तबकडीवर. ती फिरते तोवर मी आहे.

या घरात मी आलो तेव्हा माणसं तीन होती. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले काका, काकू, आणि काकूंची थोरली बहीण अक्का. "या वयात नवं यंत्र कशाला?" असं काका म्हणाले, आणि माझं माहितीपुस्तक पेन्सिलीने खुणा करत त्यांनीच वाचून काढलं.

मालिकांची खरी नावं या घरात कुणी घेत नसे. 'वकिलीणबाईंची', 'त्या दोन डॉक्टरांची', असंच चालायचं. तिघांनी मिळून पाहिलेली पहिली मालिका म्हणजे 'नावाड्याची'. तिच्यात थोरला भाऊ बहिणीशी भांडून घर सोडतो. तो परत येणार का, यावरून अक्का आणि काकूंची रोज जुंपायची.

"येतोय बघ. शेवटच्या भागात येतोय," अक्का छाती ठोकून सांगायची.

"कसला येतोय! एवढं बोलून गेलेला माणूस तोंड दाखवेल का?"

"तू किती वेळा बोलून गेलीस मला? संध्याकाळी चहाला हजर!"

काका मध्ये पडायचे नाहीत. संख्याशास्त्र शिकवलेला माणूस; मध्ये पडलं तर काय होईल, तेवढी शक्यता त्यांना कळायची.

शेवटचा भाग लागला तेव्हा अक्का दवाखान्यात होती. काकांनी रेकॉर्डिंग लावलं. "ती घरी आली की तिघं मिळून बघू," काकू म्हणाल्या. मी तो भाग नीट जपून ठेवला. अक्का घरी आली नाही.

तेव्हापासून या दोघांना एक सवय लागली. मालिका आवडीने बघायची, आणि शेवटचा भाग तेवढा माझ्यात ठेवून द्यायचा. असं का, हे दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. माझ्या पोटात नुसते शेवट साठत गेले.

मध्यंतरी सोसायटीच्या वाचनालयातून काकांना बोलावणं आलं. 'गेल्या दहा वर्षांतल्या माझ्या आवडत्या मालिका, क्रमवार' या विषयावर बोलायचं होतं. झालं! काकांची झोप उडाली. त्यांनी कागदावर रकाने आखले: कथा, अभिनय, संवाद, शेवट. वकिलीणबाई वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. शेवटाचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा.

"अगं, शेवट न बघता नंबर कसे देणार? लोक हसतील."

"हसू देत. संवादाला दोन मार्क जास्त द्या."

"असं कुठे असतं का?"

त्याच दिवसांत माझ्या पोटात खरखर सुरू झाली. तबकडी अडखळू लागली. जुन्या नोंदी आधी जाणार, हे मला कळत होतं; आणि माझ्यातली सगळ्यांत जुनी नोंद अक्काची होती. पण सांगणार कसं? माझ्याजवळ एक दिवा आहे. चालू असलो की हिरवा, बंद असलो की लाल. 'लवकर बघा' असं म्हणणारा रंग मला कुणी दिलाच नाही. काकू कप्पा पुसायला वाकल्या, की मी जिवाच्या आकांताने घरघर करायचो. "तापलाय बिचारा," असं म्हणून त्या मला बंद करायच्या.

शेवटी रविवारी दुपारी काकांनी रिमोट हातात घेतला. "एकच बघू. नावाड्याची. पहिला नंबर तिला द्यायचा की नाही, एवढंच मला ठरवायचंय."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आणि तो नाही आला तर? अक्का हरेल हो."

काकांनीच सोफ्यावर मधली जागा सोडली, आणि दोघं दोन टोकांना बसले. "लावा," काकू म्हणाल्या.

मी असेल नसेल ती ताकद लावली. नदी दिसली, बहीण होडी बांधताना दिसली. मग चित्राचे चौकोन झाले. आवाज तुटला. काकांनी पुढे ढकलून पाहिलं, तर साबणाची जाहिरात अगदी स्वच्छ, खणखणीत लागली. तिच्यामागे बनियनची. जाहिराती सगळ्या शाबूत होत्या. पुन्हा नदी आली आणि पडदा काळा पडला.

काकांनी मला बंद केलं, चालू केलं, वायर काढून फुंकर मारली. प्रत्येक वेळी माझ्यातलं आणखी थोडं गळून जात होतं. त्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं; मला हातच नाहीत. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, "डिस्क गेलीय, सर. उद्या बॉक्स बदलून देतो. जुनं रेकॉर्डिंग मात्र नव्यात येणार नाही."

काका कागद घेऊन बसले. पेन नुसतं हातात. "राहू दे. नावाड्याची यादीतच नको. शेवट माहीत नसताना नंबर देणं शास्त्राला धरून नाही."

"अक्काच्या शेवटी तरी आपण कुठे होतो?" काकू म्हणाल्या. "दवाखान्यात खाली लिफ्टची वाट बघत उभे होतो. म्हणून तिला नंबर नाही का द्यायचा?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पेन हातातच राहिलं.

उद्या माणूस येईल. माझ्या वायरी काढील आणि मला पिशवीत घालील. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, त्याचं ते काम आहे. पण शेवटचा भाग लागला त्या रात्री मी एकट्याने तो नोंदवून घेतला होता, आणि माझ्यातलं पुष्कळसं पुसलं गेलं तरी एवढं अजून शिल्लक आहे: तो भाऊ येतो. अगदी शेवटी, चपला हातात घेऊन, चिखलातून. बहीण त्याला काही विचारत नाही. होडीत सरकून जागा करून देते.

काकूंना हे कळलं तर त्यांचा जीव हलका होईल, की अक्काला सांगायचं राहून गेलं म्हणून जास्तच दाटून येईल? मला ठरवता येत नाही. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. सांगायचं ठरलंच, तर उद्याच्या आत सांगा म्हणजे बरं. त्यांच्या तोंडाकडे बघायला मी तरी कप्प्यात असेन.