बाळाविना बाळंतीण

"हाडांत गो बाय, आली समिंदराला भरती,
लेक माझी निजली, ऊब राहू दे वरती..."

बाळंतिणीला शेक देताना धोंडूआत्या असं गायची, आणि दाराआडून डोकावणारी छोटी कल्पिता धपाटे खायची.

आता वेसाव्याच्या त्याच खोलीत कल्पिताच खाटेवर होती आणि तिची आई पार्वती खाली शेगडी सारत होती. थोरला भाऊ परेश रक्ताच्या आजारानं इस्पितळात, औषधांनी डोक्यावरचे केस गेलेला. त्याला बहिणीच्या मूळपेशी द्यायच्या होत्या. त्या वाढाव्यात म्हणून कल्पिताला रोज सुई टोचत होते आणि सुईनं हाडं अशी ठणकत, जणू आत कुणी सुकट कांडतंय. पार्वतीला हाडांच्या ठणक्यावर एकच उपाय ठाऊक, बाळंतिणीचा. कानाला फडकं, ओव्याची धुरी, वाटीभर मुशी माशाचा रस्सा.

बाजारात मासळी विकणाऱ्या पार्वतीनं बाळंतिणीला देतात ती मुशी न विकता घरी नेली, हे शेजारच्या शकुमावशीनं पाहिलं. ती झबलं घेऊनच आली.

"काय गो, लग्नाचं आवतन नाय नि डायरेक्ट बारसं?"

"घाई झाली गो मावशी," कल्पिता कण्हत म्हणाली.

"पोरगा का पोरगी?"

"पोरगा. डोक्यावर केस नाय एक, पण दात सगळे आलेत."

"अगो बाय माझे!" मावशी मटकन बसली. पार्वतीनं पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात परेशचा व्हिडिओ कॉल आला. कल्पितानं झटकन फडकं काढलं, ताठ बसली, हसली. परेशनं आधीच बजावलं होतं, "तुला दुखलं तर मी सगळं बंद करायला लावीन." म्हणून ती त्याच्यापाशी, नर्सपाशीही, एका शब्दानं कण्हली नव्हती. गोळीसुद्धा मागितली नव्हती.

"दुखतं का गो?"

"छ्या! झकास आहे मी."

"हाडं? कंबर?"

"नाचून दाखवू?"

परेश हसला नाही. त्याचा चेहरा विझत गेला.

"नर्स म्हणाली, बहुतेकांची हाडं ठणकतात, आत पेशी वाढतात ना. तुझी ठणकतच नायत... औषध लागू पडलंच नसेल तुला. माझी वाट लागली, कल्पे."

कल्पितानं फोन दोन्ही हातांत घट्ट धरला.

"दुखतंय रे गाढवा! कंबर, मांड्या, छातीचं हाड... शिंकले तरी जीव जातो. पहिल्या सुईपासनं दुखतंय, लय दुखतंय!"